टाकी सारखी भरते म्हणून गाडी बोलावण्याआधी घरातलं पाणी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मागे एका वाचकाचं पत्र आलं होतं, की सेप्टिक टँक वर्ष व्हायच्या आत परत परत भरतो, दर वेळी मैला उपसायची गाडी बोलवावी लागते आणि बांधणाऱ्याने टाकी लहान बांधून फसवलं वगैरे. राग समजू शकतो, अंगणात घाण पाणी वर आलं की कुणाचंही डोकं फिरतं. पण अख्ख्या पत्रात घरात रोज पाणी किती वापरलं जातं याबद्दल एक ओळ नव्हती. माझं अर्धं आयुष्य बांधकामाच्या साईटवर गेलं आणि नंतरचं लोकांच्या घरातल्या पाण्याच्या लाइनी दुरुस्त करण्यात, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबणार आहे. जागा नसेल तर कापा, फक्त फ्लशचा भाग तेवढा ठेवा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. सेप्टिक टँक कायम भरलेलाच असतो. झाकण उघडलं, पाणी वरपर्यंत दिसलं की लोक म्हणतात झाली, भरली. अहो नवी कोरी टाकी बांधली तरी ती एकदा भरली की मग जन्मभर तेवढीच भरलेली राहते, कारण बाहेर जायचा पाईप वरच्या बाजूलाच असतो, आत येणाऱ्या पाईपापेक्षा जेमतेम दोन-तीन इंच खाली. एक बादली पाणी आत आलं की त्याच वेळी एक बादली पलीकडून शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यात जाते. साठवायला शिल्लक जागा अशी तिथे नसतेच. टाकीचं काम एवढंच की आलेल्या पाण्याला काही वेळ थांबवून धरायचं, म्हणजे जड घाण खाली बसते, तेलकट आणि हलकं असेल ते वर तरंगून त्याचा थर धरतो आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढे जातं. खाली बसलेल्या गाळावर हवेशिवाय जगणारे जंतू काम करतात, बराच गाळ जिरवतात, सगळा नाही. या सगळ्याला वेळ लागतो, निदान एक पूर्ण दिवस तरी पाणी आत थांबायला पाहिजे, दीड-दोन दिवस थांबलं तर उत्तमच.

आता हिशोब करा. समजा टाकी तीन हजार लिटरची आहे आणि खालचा गाळ आणि वरचा थर मिळून एक हजार लिटर जागा खाल्लीय. राहिले दोन हजार. घरात पाच माणसं, माणशी सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी धरलं तर दिवसाला सहाशे लिटरच्या वर जातं, म्हणजे पाणी आत तीन दिवस थांबतं, काही काळजी नाही. आता त्याच घरात चार पाहुणे आले, कपड्यांच्या मशीनचे तीन-चार फेरे झाले, एक फ्लश गळतोय, झाले की दीड-पावणेदोन हजार लिटर! थांबायचा वेळ तीन दिवसावरून एका दिवसावर आला. तेही पाणी चोवीस तासात सारखं वाटून आलं तर. तसं ते येत नाही, सकाळच्या दोन तासात सगळं एकदम येतं, त्या जोराने टाकीतलं पाणी ढवळतं आणि न बसलेला गाळ बाहेरच्या पाईपने निघून जातो.

आणि जातो कुठे? शोषखड्ड्यात. खरं नुकसान तिथे होतं आणि ते कुणाला दिसत नाही. शोषखड्ड्याभोवतीची माती पाणी नुसतं पीत नाही, साफ पण करते, त्यासाठी मातीच्या कणांमधे हवा लागते. खड्ड्याच्या भिंतीला आणि तळाला जंतूंचा एक काळा बुळबुळीत थर धरतोच, थोडा असला तर चांगलाच असतो, पाणी हळू जाऊ देतो. पण वरून गाळ येत राहिला आणि खड्डा रात्रंदिवस पाण्यात बुडालेला राहिला की हवा संपते, तो थर जाड होत जातो आणि बारीक गाळणं बुजावं तशी माती बुजते. मग पाणी खाली जात नाही, वर येतं, अंगणातली एखादीच जागा कायम ओली किंवा उगाच जास्त हिरवी दिसायला लागते, तळमजल्यावरच्या मोरीतून गुडगुड आवाज येतो, वास येतो.

आता त्या पत्रातल्या वाचकांना नेमकं काय होत असेल ते सांगतो, म्हणजे माझा अंदाज, पण असली घरं खूप बघितलीत. गाडी येते, टाकी रिकामी करते, घरात एकदम मोकळं मोकळं वाटतं, फ्लश झटकन जातो. का? तर तीन हजार लिटरची टाकी परत भरायला चार-पाच दिवस लागतात आणि तेवढे दिवस शोषखड्ड्याकडे एक थेंब जात नाही. टाकी परत पाईपापर्यंत आली की पाणी त्याच बुजलेल्या खड्ड्यात जायला बघतं आणि पहिले पाढे पंचावन्न. लोकांना वाटतं टाकी फार लवकर भरली. टाकी जशी भरायची तशीच भरली हो, पुढचा रस्ता बंद आहे. आणि तो रस्ता गाडीने उपसून मोकळा होत नाही, माती उपसता येत नाही ना. नवीन खड्डा काढायचा नाहीतर जुन्याला महिनोन् महिने विश्रांती द्यायची, तीही दुसरा खड्डा असेल तरच जमते. म्हणून मी म्हणतो की टाकीपेक्षा शोषखड्डा वाचवायचा बघा, आणि तो घरातल्या नळावर वाचतो.

आता फ्लश. सगळ्यात जास्त पाणी कुठून जातं विचारलं तर लोक आंघोळ म्हणतात, मुलांवर ओरडतात, आणि मागे संडासात फ्लशच्या टाकीचं रबर झिजून चोवीस तास बारीक धार कमोडमधे उतरत असते. आवाज नसतो, दिसत पण नाही, कारण ती भांड्याच्या कडेने सरकत जाते. अशा गळतीत दिवसाला शे-दोनशे लिटर सहज जातात आणि जोरात गळत असेल तर पाच-सातशे लिटरसुद्धा, म्हणजे घरात न दिसणारी चार-पाच माणसं राहायला आल्यासारखं. वाईट म्हणजे हे पाणी रात्री पण थांबत नाही. सगळे झोपल्यावर शोषखड्ड्याला जे पाच-सहा तास मिळतात, पाणी उतरायला, माती थोडी मोकळी व्हायला, ते पण जातात. तपासणं अगदी सोपं आहे. फ्लशच्या टाकीचं झाकण काढा, आत खायच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका, फ्लश न करता अर्धा तास संडास बंद ठेवा. कमोडमधे रंग उतरला की गळती आहे. दुसरं बघा ते फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून येणारं पाणी बंद करणारा पार्ट, ते वर चढून बंद होत नसेल तर पाणी मधल्या नळीवरून ओसंडत राहतं, पाणी त्या नळीच्या तोंडाच्या बोटभर खाली थांबलं पाहिजे. दोन्ही दुरुस्त्या किरकोळ आहेत, पार्ट पण किरकोळ, अर्ध्या तासाचं काम. पण सहा-सहा महिने कोणी करत नाही, आणि गाडीला मात्र लगेच फोन.

त्याच विषयावर अजून एक. जुने फ्लश एका वेळी दहा-बारा लिटर सोडतात, नवे दोन बटणांचे तीन आणि सहा लिटरचे असतात. बदलणं जमत असेल तर बदला. नसेल तर काही जण फ्लशच्या टाकीत वीट टाकतात, ते नका करू, वीट विरघळून तिचा चुरा रबराखाली बसतो आणि नवीनच गळती सुरू होते. पाणी भरून झाकण घट्ट लावलेली बाटली ठेवा, फ्लोटला अडणार नाही अशी. आणि कमी पाण्यात भांडं साफच होत नसेल, दोनदा फ्लश करावा लागत असेल तर बाटली काढून टाका, त्यात काही बचत नाही. काही घरात कमोडपासून टाकीपर्यंतचा पाईप फारच लांब आणि उतार कमी असतो, तिथे खूप कमी पाणी सोडलं तर मैला मधेच अडकतो, तेवढं बघून करा.

कपड्यांच्या मशीनचं म्हणाल तर जुनी वरून उघडणारी मशीन एका फेऱ्याला शंभर-दीडशे लिटर घेते, समोरून उघडणारी साधारण त्याच्या निम्म्यात काम करते. पण मशीन कुठली यापेक्षा कधी लावता ते महत्त्वाचं आहे. आठवडाभर कपडे साठवून सुट्टीच्या दिवशी सकाळपासून पाच फेरे, त्यातच घरातले सगळे एकामागून एक डोक्यावरून आंघोळ, वरून फरशी धुणं, हे टाकीला झेपत नाही. त्याऐवजी रोज एक नाहीतर दिवसाआड एक फेरा लावा, मशीन पूर्ण भरून, आणि शक्यतो दुपारी, सकाळच्या गर्दीत नको. वर्षाचं एकूण पाणी तेवढंच राहील तरी टाकी सुखात राहील. मशीनच्या बाहेर जाणाऱ्या नळीला एक बारीक जाळी बांधा, कपड्यांचे तंतू टाकीत कुजत नाहीत, हल्ली अर्धे कपडे प्लास्टिकच्याच धाग्याचे असतात, ते तरंगत थेट शोषखड्ड्यात जातात आणि माती बुजवायला मदत करतात. जाळी मात्र साफ करत राहा, नाहीतर मशीनच पाणी सोडायचं थांबेल.

बाकी नळांचं सगळ्यांना माहीत असतं पण करत कोणी नाही. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर, जुना असेल तर त्याहून जास्त, म्हणजे दहा मिनिटात शंभर लिटर गेले, बादलीने आंघोळ वीस लिटरमधे होते. दात घासताना नळ चालू ठेवू नका हे मी परत सांगत बसत नाही. नळाच्या तोंडाला हवा मिसळणारी जाळी बसवली की धार भरल्यासारखी वाटते आणि पाणी जवळपास निम्मं लागतं. टपटपणारा नळ, सेकंदाला एक थेंब धरा, दिवसाला वीस-तीस लिटर घालवतो. एवढ्याने टाकी बिघडत नाही पण असे तीन-चार असले की बेरीज होते. आरओचं फेकलेलं पाणी बघा, एक लिटर प्यायचं मिळायला दोन-तीन लिटर बाहेर, ते बादलीत धरून फरशीला वापरा, मोरीत सोडू नका. पाणी मऊ करणारं यंत्र असेल तर ते स्वतःला धुताना एकदम भरपूर खारट पाणी सोडतं, त्याचीही नळी कुठे जोडलीय ते तपासा.

आणि एक भारी प्रकार, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो. बाहेर पाणी पडलेलं दिसू नये, शेजारी ओरडू नये म्हणून तो पाईप गुपचूप ड्रेनेजच्या लाइनला जोडून टाकलेला असतो. मग मोटर चालू राहिली किंवा बॉलकॉक बिघडला तर शेकडो लिटर चांगलं पाणी सरळ सेप्टिक टँकमधे, आणि कोणाला पत्ता नाही! हा पाईप बाहेर दिसेल असाच सोडा, पाणी अंगावर पडलं तरच माणूस मोटर बंद करतो. घरात कुठे गळतंय का हे कळायला मीटर असेल तर रात्री झोपताना आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कोणी नळ उघडायच्या आत बघा. मीटर नसेल तर मोटर बंद करून वरच्या टाकीत एक काठी बुडवून ओली खूण कुठपर्यंत येते ते रात्री आणि सकाळी बघा. पाणी रात्रीतून आपोआप उतरत नसतं.

पावसाळ्यात हे सगळं दुपटीने सांभाळायला लागतं. माती आधीच भिजून गच्च, जमिनीतलं पाणी वर आलेलं, शोषखड्ड्यातून जाणार कुठे. त्यात काही घरात छपराची पन्हाळ पण त्याच चेंबरला जोडलेली असते. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि दहा मिलीमीटर पाऊस, झालं एक हजार लिटर, तेही तासाभरात. कुठलीच घरगुती टाकी हे झेलू शकत नाही. छपराचं, अंगणाचं, एसीचं पाणी टाकीत जाता कामा नये आणि शोषखड्ड्यावरून वाहता पण कामा नये. जोराचा पाऊस सलग लागला तर त्या दिवसात मशीन बंद ठेवा. आणि अशावेळी अंगण तुंबलं म्हणून घाईने टाकी पूर्ण उपसून घेऊ नका, प्लास्टिक किंवा फायबरची हलकी टाकी असेल तर रिकामी झाल्यावर खालच्या पाण्याच्या दाबाने ती अक्षरशः वर उचलली जाते, पाईप तुटतात.

हे तंत्र काही आजचं नाही. फ्रान्समधे जाँ-लुई मूरास नावाच्या माणसाने १८६० च्या सुमारास अशी टाकी बांधली, १८८१ मधे पेटंट घेतलं, आणि इंग्लंडमधे एक्सेटरला डोनाल्ड कॅमेरूनने १८९५ च्या आसपास त्यात सुधारणा करून तिला सेप्टिक टँक नाव दिलं. तेव्हा कपडे धुवायचं विजेचं मशीन नव्हतं, घरटी तीन बाथरूम नव्हती, आरओ तर नव्हताच. टाकीत आजही एकसुद्धा फिरणारा पार्ट नाही, वीज नाही, जे काही होतं ते वजनाने आणि जंतूंनी. पाणी तेवढं कितीतरी पटीने वाढलं. नवीन घर बांधताना माणसं मोजून टाकी काढतात ते ठीक आहे पण बाथरूम आणि मशीन पण मोजा.

जागा असेल आणि तुमच्याकडच्या नियमात बसत असेल तर आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी वेगळ्या लहान शोषखड्ड्याला किंवा झाडांना सोडा (कच्च्या खायच्या भाज्यांना नको), मग सेप्टिक टँकवर जवळपास फक्त संडासाचंच पाणी राहतं आणि ती वर्षानुवर्षं काही त्रास देत नाही. स्वयंपाकघराच्या पाण्यात तेल जातं, त्याच्यासाठी सिंकनंतर तेल अडवणारं एक छोटं चेंबर हवं. रोज बाटलीभर ब्लीच आणि ॲसिड ओतू नका, जंतू मरतात. जंतूंची पावडर विकतात ती टाकून गाळ उपसायचा टळेल असं समजू नका, संडासातून रोज पुरेसे जंतू फुकट जातात.

गाळ तर कधीतरी उपसायलाच लागतो, साधारण तीन ते पाच वर्षांनी, किंवा गाळ आणि वरचा थर मिळून टाकीचा तिसरा हिस्सा भरला की. तो बघायचं काम जाणकाराला द्या. टाकीत कोणी, परत सांगतो कोणीही, उतरू नये, वाकून डोकं पण आत घालू नये. आतला वायू जास्त असला तर त्याचा वास येणंच बंद होतं आणि माणूस जागच्या जागी पडतो, मग त्याला काढायला उतरलेला दुसराही. गाळ मशीननेच उपसला पाहिजे, कुणा गरिबाला दोरी बांधून उतरवणाऱ्यांना काय म्हणावं ते इथे छापता येणार नाही.

संपादक साहेब, उन्हाळा आला की आपल्या पेपरात पाणी वाचवा म्हणून पानं भरून येतं, ते चांगलंच आहे. पण त्यात सगळं येणाऱ्या पाण्याचं असतं, जाणाऱ्या पाण्याचं काही नसतं, जसं काही मोरीच्या जाळीखाली पाणी गायबच होतं. ज्यांच्या घराला ड्रेनेजची सार्वजनिक लाइन नाही त्यांचं सगळं पाणी त्यांच्याच अंगणात जिरतं आणि तिथेच कुठेतरी विहीर किंवा बोअर पण असतं. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, अर्धं पान द्या, चित्रं काढून. आणि घर बांधून देणाऱ्यांना पण विनंती आहे की किल्ली देताना एक कागद पण द्या, टाकीची झाकणं कुठे, शोषखड्डा कुठे, कुठला पाईप कशाला जोडलाय आणि टाकी किती लिटरची. निम्म्या घरात मला पहिला अर्धा तास झाकण शोधण्यातच जातो, आणि दर वेळी ते नव्या फरशीखाली नाहीतर उभ्या गाडीखाली सापडतं.

आपला,
एक वाचक (प्लंबिंगची कामं करणारा)